स्ट्रासबर्गचे पावणेबारा

मी साताऱ्याहून निघालो त्या दिवशी नाना मला पोचवायला एसटी स्टँडवर आले नाहीत. माझे वडील राजवाड्याजवळच्या बोळात घड्याळं दुरुस्त करायचे, आणि त्या दुपारी एका गिऱ्हाइकाचं घड्याळ त्यांच्या पुढ्यात उघडं पडलं होतं. उघडलेलं घड्याळ टाकून उठायचं नाही, हा त्यांचा नियम. मी दुकानाच्या फळीपाशी बॅग घेऊन उभा राहिलो. त्यांनी डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही. म्हणाले, "तिकडं साडेपाच तास मागं. उन्हाळ्यात साडेचार. अर्धा तास विसरू नकोस. सगळे अर्ध्यातच चुकतात."

मला राग आला होता. बायको डॉक्टर, ती तीन महिने आधीच इंग्लंडला हॉस्पिटलात रुजू झालेली, आणि मी नोकरी सोडून तिच्यामागे चाललेला. अशा वेळी बापानं सांगायचं काय, तर अर्धा तास. तो राग पुढे कधीतरी विरून गेला. आता जो आहे तो विरत नाही, आणि तो नानांवर नाही.

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक मला म्हणाले, "तुम्ही स्ट्रासबर्गला जाऊन आलात ना? टॉप टेन ठिकाणं लिहा की. तुमचा तो तक्ता फार पॉप्युलर आहे." तक्ता म्हणजे मी कॉम्प्युटरवर केलेलं वेळापत्रक. दोन दिवस, अकरा ठिकाणं, प्रत्येकापुढे पोचण्याची वेळ, थांबण्याची मिनिटं आणि टॉयलेट कुठे आहे ते. इथल्या, लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या निदान आठ कुटुंबांनी तो माझ्याकडून घेतला, दोघांनी तो पुण्याच्या नातेवाइकांना ईमेल केला. एका गृहस्थांनी तर फोन करून आभार मानले: "सगळं दीड दिवसात उरकलं, साहेब!" उरकलं. त्यांचा शब्द बरोबर आहे. तो तक्ता उरकण्यासाठीच होता.

आता ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी चौथी ओळ काढून पाहावी. तिथे लिहिलंय: कॅथेड्रलमधलं खगोलीय घड्याळ, दुपारी बारा, पंधरा मिनिटं. ती ओळ चुकीची आहे. कशी, ते सांगतो.

नाना आमच्याकडे एकदाच आले. आई गेल्यानंतरच्या वर्षी, चार महिन्यांसाठी. त्यांना लंडन बघायचं नव्हतं. राणीचा राजवाडा त्यांनी रस्त्याच्या पलीकडून पाहिला आणि "बरा आहे" म्हणाले. त्यांना एकच गोष्ट बघायची होती. दुकानात त्यांच्या टेबलाच्या काचेखाली जुन्या इंग्रजी मासिकातलं एक पान होतं, कडा पिवळ्या पडलेलं. त्यावर स्ट्रासबर्गच्या घड्याळाचं चित्र. पाच-सहा मजली घराएवढं उंच. ग्रहांच्या जागा दाखवणारं, ईस्टर कधी येणार ते स्वतःच काढणारं. दिवसातून एकदा, भर मध्यान्हीला, वरच्या मजल्यावर येशूचे बारा शिष्य एकामागून एक त्याच्यासमोरून जातात आणि बाजूचा लोखंडी कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. मी लहान असताना नानांनी मला त्या चित्रावर बोट ठेवून सांगितलं होतं, "हे करणारा माणूस आपल्या जातीचा." घड्याळजी म्हणजे नानांच्या लेखी एक वेगळी जात होती.

त्यांना फ्रान्सचा व्हिसा काढायला मी काय काय केलं ते मी अभिमानानं सांगत असे. एकवीस कागद, प्रत्येकाच्या दोन प्रती, त्यांचं नाव आडनाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलेलं म्हणून वेगळं प्रतिज्ञापत्र. सकाळी सहापासून रांगेत उभा राहिलो. मी हॉस्पिटलात डॉक्टर-नर्सेसच्या ड्यूट्यांचा रोटा बसवण्याचं काम करतो. कागदात माझ्याकडून चूक होत नाही. तीनशे जणांच्या ड्यूट्या मी एका पानावर बसवतो. तशाच मी स्ट्रासबर्गच्या ड्यूट्या बसवल्या. मेच्या सुट्टीत आम्ही चौघं निघालो: मी, बायको शुभदा, बारा वर्षांची मुलगी रेवती आणि नाना.

शहर सुंदर आहे, त्यात वाद नाही. कालव्यांच्या काठानं कातडी कमावणाऱ्यांची जुनी घरं, लाकडी चौकटींची, जरा पुढे कललेली. एक पूल आहे, नाव 'झाकलेला पूल', त्यावर छप्पर नाही. पूर्वी होतं म्हणे. कॅथेड्रल तांबूस दगडाचं, त्याला दोनऐवजी एकच मनोरा, कारण दुसरा कुणी पुरा केलाच नाही. हे सगळं माझ्या तक्त्यात आहे आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी रेवतीला घेऊन मनोऱ्यावर चढलो. तीनशे बत्तीस पायऱ्या, मी मोजल्या. नाना आणि शुभदा खाली बाकावर बसले होते. वर रेवतीनं फोटो काढण्यात वेळ घालवला, असं मी पुढची चार वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे फोटो मी काढत होतो. खाली उतरलो, घड्याळाची तिकिटं काढली, दक्षिणेकडच्या दारातून आत गेलो तेव्हा माझ्या मनगटावर बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

आत गर्दी होती. माझ्या अंदाजानं दोनशे माणसं माना वर करून उभी. मला वाटलं, कार्यक्रम नुकताच आटोपला आणि लोक अजून पांगायचे आहेत. शुभदाला म्हटलं, "गेलं. पाच मिनिटांनी चुकलं."

नाना घड्याळासमोर उभे होते. चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "सुधीर, अजून बारा वाजायचेत. थांबू या."

"वाजून गेले, नाना. सव्वाबारा होत आलेत."

"ह्याच्यात बघ ना. अकरा पस्तीस झालेत."

"मग ते मागे पडलंय. इतकं जुनं घड्याळ, अर्धा तास मागे पडणारच."

ज्या माणसानं साठ वर्षं सेकंदासेकंदासाठी डोळे फोडले, त्याला मी हे सांगत होतो. त्यांनी वाद घातला नाही. शर्टाची बाही वर सारून मनगट पुढे केलं. नाना इंग्लंडला आल्यापासून घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवत. त्यात तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. "काटा जुळतोय माझ्याशी," ते म्हणाले. चेहऱ्यावर असं हसू, की कुणी ओळखीचं भेटलंय.

"अहो नाना, तुमचं घड्याळ इंडियाचं आहे!" मी मोठ्यानं म्हणालो. चर्चमध्ये, दोनशे माणसांत. एका बाईनं तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं.

रेवती म्हणाली, "बाबा, आजोबाला बघायची आहे. आपण थांबू या ना. एवढी लोक थांबलीयेत."

"साडेबाराची बोट आहे."

"बोट इज बोरिंग."

शुभदा मध्ये पडली. "अहो, एक दहा मिनिटं थांबलो तर काय बिघडतं?"

"जेट्टीवर दहा मिनिटं आधी पोचायला सांगितलंय." मी खिशातून तक्ता काढून दाखवला. खरंच दाखवला. तेवढ्यात घड्याळात टोला पडला, एक छोटी आकृती पुढे सरकून गेली. मी म्हटलं, "बघा, सव्वाबारा!" ते सव्वाबारा नव्हते. ते स्ट्रासबर्गचे पावणेबारा होते. नानांनी बाही खाली ओढली. म्हणाले, "असू दे. चल. तू म्हणतोस तसं." आणि काठी टेकत माझ्यामागून आले.

बोट वेळेवर सुटली. रेवती शाळेत फ्रेंच शिकत होती. तिकिटाबरोबर मिळालेलं पत्रक तिनं बॅगेतून काढलं आणि वाचायला लागली. बोट कालव्याच्या पहिल्या वळणावर असताना तिनं मान वर केली. "बाबा. इट सेज मिदी ए दमी. साडेबारा. शो साडेबाराला असते. क्लॉक जुन्या टाइमवर आहे, इथल्या सूर्याच्या."

मी नानांकडे पाहिलं. ते तिचं ऐकत नव्हते. डावं मनगट मांडीवर ठेवून त्यावर नजर लावून बसले होते. त्यांचे चार नुकतेच वाजून गेले होते. त्यांनी डोकं वर केलं आणि घरांच्या छपरांवर दिसणाऱ्या त्या एका मनोऱ्याकडे बघितलं. मनातल्या मनात ते मोजत असावेत. ओठ हलत होते. बहुधा बारापर्यंत.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. चौदाव्या वर्षी ते गिरगावात एका पारशी उस्तादाकडे काम शिकायला राहिले, तेव्हा दुकानात दोन घड्याळं शेजारी शेजारी होती. एक स्टँडर्ड टाइमचं, एक मुंबई टाइमचं. दोहोंत एकोणचाळीस मिनिटांचा फरक. मुंबईचं घड्याळ मुंबईच्या सूर्यावर चाले, आणि कितीतरी लोक त्याच वेळेनं जेवत, झोपत. "उस्ताद म्हणायचे, मागे कुठलंच नाही. ज्याच्या त्याच्या डोक्यावर ऊन. हे पण तसलंच निघालं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की."

बोलले होतेच. मी त्या दिवशी संध्याकाळी हॉटेलात त्यांना विचारलं, "मग आता काय, नाना, उद्याची गाडी चुकवायची का?" हा प्रश्न नीट वाचा. त्याला 'हो' असं उत्तर देता येत नाही. सोमवारी माझी ड्यूटी होती, रेवतीची शाळा होती, आणि दोन्ही एक दिवस चुकली असती तर वॉटफर्डमध्ये काहीही कोसळलं नसतं. नाना म्हणाले, "नको नको. पाहिलं की मी. बघण्यासारखं आहे." त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या गाडीनं आम्ही परतलो.

माझा राग फ्रेंचांवर नाही. पत्रकावर सगळं स्वच्छ छापलेलं होतं. माझा राग ह्या आमच्या 'दाखवण्या'वर आहे. आईवडिलांना विमानात बसवून आणायचं आणि फिरवायचं. आयफेल टॉवरपुढे स्वेटर आणि बूट घालून उभं करायचं, फोटो साताऱ्याला पाठवायचे. ती माणसं आपल्या गावात गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणारी, मामलेदारालासुद्धा "उद्या या" म्हणणारी. आणि आमच्या घरात? नाना चार महिन्यांत कधीही विचारल्याशिवाय चहा करून प्याले नाहीत. "शुभदा, गॅस पेटवू का?" टीव्ही लावायच्या आधी विचारायचे. खिडकी उघडायच्या आधी विचारायचे. आम्ही म्हणायचो, किती समजूतदार, किती ॲडजस्ट झालेत. रोट्यात ज्याची तक्रार येत नाही तो माणूस सुखी आहे असं मी धरून चालतो. तसंच नानांचं धरलं. समजूतदार कसले. पाहुणे होते. पोटच्या मुलाच्या घरी, चार महिने.

ऑगस्टमध्ये ते परत गेले. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी मी फोन केला. प्रवास कसा झाला, गुडघा कसा आहे, विचारत होतो. मागून बोळातल्या स्कूटरचा आवाज येत होता. ते दुकानातल्या खुर्चीवर बसले होते. मध्येच मला तोडून म्हणाले, "ते राहू दे. गाढवा, तू त्या घड्याळाला मागं म्हणालास?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अक्कल कुठं गहाण ठेवलीस? दोनशे माणसं उभी, पोरगी सांगतीय, बायको सांगतीय, मी सांगतोय, आणि तू कागद दाखवतोस? साठ वर्षं मी त्या घड्याळाची वाट बघितली रे! पंधरा मिनिटं थांबवलं नाहीस मला." मग त्यांनी फोन ठेवला. पाच मिनिटांनी बहिणीचा फोन आला: "दादा, काय झालं? नाना एवढे का ओरडले? सगळी आळी गोळा झाली."

मी स्वयंपाकघरात खाली बसलो. आधी लाज वाटली, आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. हा राग मेपासून त्यांच्या पोटात होता. तीन महिने माझ्या टेबलावर जेवले, माझ्या सोफ्यावर बसले, आणि त्यांनी तो राग बाहेर काढला नाही. काढायला त्यांना स्वतःच्या खुर्चीपर्यंत, साताऱ्यापर्यंत जावं लागलं. माझ्या तीन बेडरूमच्या घरात त्यांना रागावण्याएवढी जागा नव्हती.

पुढच्या वर्षी मेमध्ये पुन्हा या, मी नंतरच्या एका फोनवर म्हटलं. आपण दोघंच जाऊ, दिवसभर तिथेच बसू. "बघू," म्हणाले. फेब्रुवारीत ते गेले.

तेव्हा संपादकांनी टॉप टेन दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावेत. ज्यांच्याकडे माझा तक्ता आहे त्यांनी तो फाडावा, आणि आईवडिलांना कुठे न्यायचंच असेल तर एका ठिकाणी न्यावं आणि "चला" हा शब्द त्यांना म्हणू द्यावा.

आणि घर कुठलं, असं मंडळात दरवर्षी कुणीतरी भाषणात विचारतं, म्हणून तेही सांगून टाकतो. रेवती आता सोळा वर्षांची आहे. परवा माझ्या तोंडावर दार आपटून म्हणाली, "तू कधीच ऐकत नाही, बाबा, तुझी प्रॉब्लेम आहे ही." मी तिचं व्याकरण सुधारलं नाही. असं दार आपटता येतं, म्हणजे वॉटफर्ड तिचं घर आहे, त्यात मला शंका नाही. नानांचं सातारा होतं. मी मात्र हॉस्पिटलात बावीस वर्षं आवाज न चढवता काम करतोय, कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच सॉरी म्हणतो. आणि आयुष्यात एकदा भर गर्दीत मोठ्यानं ओरडलो, तो वडिलांवर.