रिकाम्या चौकोनात माझा फोटो

हसायचं तर पोट धरून हसा, पण मला मध्येच थांबवू नका. कारण हा घोळ मी स्वतः केलाय, स्वतःच्या हातांनी, डिंक लावून!

जपानला कॉम्प्युटरवाली माणसं हवी होती, त्या काळातली गोष्ट. माझा नवरा मंदार टोकियोतल्या एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि मी तिथल्याच ओजिमा भागातलं, सरकारी वसाहतीतलं घर सांभाळायची. दिवसभर करायचं काय? शेवटी ठरवलं, स्वयंपाकाचा क्लास काढायचा. पहिला दिवस फुकट, आणि पदार्थ बटाटेवडा!

जाहिरात मीच तयार केली. काठापदराची साडी नेसून, हात जोडून फोटो काढला. खाली डिक्शनरी बघून शिकाऊ जपानीत लिहिलं, ‘ओजिमाला नवी चव देऊ! सर्वांसाठी मनापासून मेहनत करीन! शनिवारी दोन वाजता वसाहतीच्या हॉलमध्ये या.’ अगदी तळाला बारीक अक्षरांत ‘भारतीय स्वयंपाक वर्ग’. पण प्रिंटरची शाई नेमकी तिथेच संपली. म्हटलं, जाऊ दे, साडी बघून कळेलच की!

आता ही जाहिरात लावायची कुठे? तर आमच्या कोपऱ्यावर त्याच आठवड्यात एक लांबलचक फळा उभा राहिला होता. चौकोन आखलेले, प्रत्येकाला नंबर, आणि चौकोनाचौकोनात हसऱ्या माणसांचे फोटो. मला वाटलं, काय छान सोय केलीय बघा! हा टायवाला विम्याचा एजंट असणार. ही गुलाबी कोटवाली पियानो शिकवत असणार. सतरा नंबरचा चौकोन रिकामा होता. गुरुवारी संध्याकाळी मी तिथे झोकात चिकटले.

काय? भोंगे लावलेल्या गाड्या ऐकू आल्या नाहीत का, म्हणता? आल्या ना! मला वाटलं, भाजीवाले.

शुक्रवारी सकाळी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या मोरिता-सान, म्हणजे आपल्याकडच्या मोरिताबाई, भेटल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एरवी नुसती मान हलवणाऱ्या. आज कमरेत वाकल्या! मग बराच वेळ कावळे आणि कचऱ्याच्या पिशव्या यांबद्दल तळमळीनं जपानीत काहीतरी बोलल्या. मला दोन शब्द कळले, कावळा आणि कचरा.

बोलायला मात्र मला दोनच जपानी शब्द यायचे. एक ‘हाय’, म्हणजे हो. आणि दुसरा ‘गांबारिमास’, म्हणजे जीव तोडून मेहनत करीन. मी दोन्ही वापरून टाकले. मोरिता-सानचे डोळे भरून आले.

खाली एक टोपीवाले आजोबा थांबले होते. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबत नाही, अशी काहीतरी तक्रार होती. हाय! गांबारिमास! दुकानाच्या रांगेत एका बाईनं बाळ माझ्या पुढ्यात धरलं. मी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. हाय! गांबारिमास!

संध्याकाळी मी मंदारला म्हटलं, “अरे, काय प्रेमळ लोक आहेत! एका जाहिरातीवर सगळी वसाहत ओळखायला लागली.”

“तरी मी म्हणत होतो, फोटो छान आलाय,” मंदार म्हणाला.

शनिवारी दोनला हॉल भरला. सगळे आजी-आजोबा, सुटाबुटात! मी तळत होते, मंदार बशा फिरवत होता. आणि एकही माणूस वड्याला हात लावेना! हात गुडघ्यांवर, नजर वड्यावर, आणि बशी पुढे आली की जोरजोरात मान हलवून नाही.

सकाळपासून बटाटे सोलत होते मी. “मंदार, वास येतोय का कसला?”

“वास मस्त येतोय. त्या आजोबांनी तिसऱ्यांदा आवंढा गिळलाय.”

मी सगळ्यांसमोर एक अख्खा वडा खाऊन दाखवला. टाळ्या पडल्या. खाल्ला कुणीच नाही! तेवढ्यात टोपीवाल्या आजोबांनी हात वर करून लिफ्टचं विचारलं. दुसरं काय बोलणार? “गांबारिमास!” पुन्हा टाळ्या.

इतक्यात दारात दंडाला सरकारी कापडी पट्टी लावलेले एक गृहस्थ उभे राहिले. हातात माझा फोटो, व्यवस्थित गुंडाळलेला. ते वाकले आणि गंभीर आवाजात बोलू लागले. मंदारला ऑफिसपुरतं जपानी यायचं. तो ताडकन वाकून म्हणाला, “सर्व्हर बंद पडल्याबद्दल अत्यंत दिलगीर आहोत!”

शेवटी मोरिता-सान उठल्या. जपून जपून इंग्रजीत मला म्हणाल्या, “तुम्ही... निवडणुकीला उभ्या नाही?”

“निवडणूक? कसली?”

“वॉर्डाची. उद्या मतदान आहे. तो फळा उमेदवारांचा आहे.”

मी उमेदवार? मला इथे मत द्यायचासुद्धा हक्क नव्हता! डोळ्यांपुढे आधी पोलीस आले, मग व्हिसा, मग विमानतळावर उतरवून घेणारे सासू-सासरे. मी वाकले ती वाकलेलीच. मंदार माझ्या शेजारी वाकला. मोरिता-साननी त्या गृहस्थांना संपलेली शाई, बटाटे, सगळं समजावलं.

त्या गृहस्थांना खोकल्यासारखं काहीतरी झालं. हसू दाबत होते बिचारे! पुन्हा असं करू नका एवढंच सांगून ते फोटो घेऊन गेले.

“पण मग वडे का नाही खाल्ले कुणी?” मी रडवेल्या आवाजात विचारलं.

“उमेदवारानं दिलेलं खाणं गुन्हा आहे,” मोरिता-सान म्हणाल्या. मग वळून त्यांनी हॉलला जपानीत सांगितलं की मी उमेदवार नाही.

आणि मग अशी झुंबड उडाली म्हणता!

टोपीवाल्या आजोबांनी पहिला वडा उचलला. अर्धा तोंडात घातला. कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या, तीन पेले पाणी संपलं. मग कसेबसे मोरिता-सानना काहीतरी म्हणाले.

“काय म्हणतात?” मी आशेनं विचारलं.

मोरिता-सान जरा अवघडल्या. “ते म्हणतात, उद्या तुम्हालाच मत द्यायचं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.”

“अय्या! खरंच?”

“हो. वडा खायच्या आधी.”