डोक्याचा वर्ग वाचवताना

"सावंत, हात जरा वर. एवढा नाही, झेंडावंदन नाहीये. आणि 'प्रज्ञा' म्हणताना छाती पुढे!"

सावंत ड्रॉइंग हॉलच्या मधोमध घामाघूम होऊन उभे होते. संपात गिरणी गेली, तेव्हापासून ते मरोळच्या एका कारखान्यात वॉचमन होते. चोरांना घाबरत नसतील, पण मला घाबरत होते.

"बाईनु, माका तां जमाचा नाय," ते म्हणाले. "झिलाक उभो करा, तो बोलात."

"मुलगा नाही, पालकांनीच बोलायचं. परत म्हणा. अध्यक्ष महाशय..."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. अंधेरीतल्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवत होते. वय तिशीच्या आत, साडीला कडक खळ आणि डोक्यात त्याहून कडक खळ. शनिवारी शाळा अर्धा दिवस. ती सुटली की मी ड्रॉइंग हॉलमध्ये एक जादा वर्ग घ्यायची. बाईंचं फळ्यावर लिहून होण्याआधी ज्यांचं उत्तर तयार असतं, आणि मग उरलेला तास जी मुलं शेजारच्याला चिमटे काढण्यात घालवतात, अशांसाठी. त्यांना मी कोडी घालायची, पुस्तकात नसलेली गणितं द्यायची. वर्गाचं नाव मीच ठेवलं होतं, 'प्रज्ञाविकास वर्ग'. ते कुणालाच म्हणता यायचं नाही. पालक त्याला सरळ 'डोक्याचा वर्ग' म्हणायचे.

आमची शाळा अनुदानित. म्हणजे पगार सरकार देतं. खडू, वीज, दुरुस्ती यासाठीही थोडं देतं, पण ते इतकं उशिरा येतं की कुठल्या वर्षाचं आलं हे हेडक्लार्कलाच आठवत नाही. मधली ओढाताण संस्थेनं करायची. त्या वर्षी छप्पर गळायला लागलं. कमिटीनं ठरवलं, जादा काही असेल ते बंद. शनिवारी दुपारी ड्रॉइंग हॉल एका टायपिंग क्लासला भाड्यानं द्यायचा, शिपायाचा ओव्हरटाइम थांबवायचा. माझा वर्ग आपोआप गेला.

मी पेटले. शिक्षकांनी कमिटीशी भांडायचं नसतं, पण पालकांनी भांडू नये असं कुठे लिहिलंय? मी पालक जमवले आणि त्यांना भाषण लिहून दिलं. दोन सुभाषितं, तीन समाजसुधारक आणि शेवटी 'उमलत्या कळ्या'. आज वाचलं तर मीच मला पट्टी मारीन. भाषणाचा नमुना मला एकच ठाऊक होता, वक्तृत्व स्पर्धेचा. इतकी वर्षं मुलांची तयारी करून घेतलेली ना! मग पालकांचीही तशीच घेतली. हातवाऱ्यांसकट.

सभा मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. समोर कमिटी, सगळे टक्कल पडलेले किंवा पांढऱ्या केसांचे. मधे अध्यक्ष नाना. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. शाळा बांधताना त्यांनी स्वतः विटा वाहिल्या होत्या, त्यामुळे शाळेतली एकही वीट त्यांना परकी नव्हती. मी भिंतीला टेकून उभी. सावंत उठले. हात बरोब्बर मी शिकवला तेवढा वर गेला.

"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो!"

कमिटीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बालमित्राला ठसकाच लागला. मुख्याध्यापक पाणी आणायला धावले. नानांनी रुमालानं तोंड झाकलं, पण खांदे हलत होते. सावंत पुढचं सगळं विसरले. मी मागून पुटपुटले, "उमलत्या कळ्या... उमलत्या कळ्या..." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्पच बसले. तेही बसले.

हसणं ओसरल्यावर नाना माझ्याकडे वळले. "बाई, हे तुमचं काम दिसतंय."

"हो, नाना."

"मग तुम्हालाच विचारतो. हुशार पोरं कुठेही शिकतात. कच्च्या पोरांसाठी वर्ग मागितला असतात, तर मी छपराला बादल्या लावून बसलो असतो. ज्यांना आधीच येतं, त्यांच्यासाठी हा खटाटोप कशाला?"

मी हातातला भाषणाचा कागद उलटसुलट करून पाहिला. सुभाषितं आणि कळ्याच. प्रश्न साधा होता आणि खरा होता.

तेव्हा हिराबाई उठल्या. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. बाजारात मासे विकायच्या. त्यांची चंदा माझ्या वर्गातली सगळ्यांत तल्लख मुलगी. हिराबाईंना मी सुभाषित पाठ करायला दिलं होतं. त्यांनी ते काढलंच नाही.

"शेट, तुमी बोलता ते खरं हाय. चंदा शिकेल कुठं पन. पन तिला घरातनं सोडेल कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही!"

"मी नाय सोडनार."

हिराबाईंनी पदर कमरेला खोचला.

"शनवारी मी बाजारात असते. घरी सासू, लहान पोर, वलांडीवर सुकत घातलेलं बोंबील. सासू बोलते, अर्धी शाला ना, पोरीला लवकर घरी येऊ दे. मी बोलते, शालेचा वर्ग हाय, बाईंनी बोलावलाय. शालेचं नाव काढलं की म्हातारी गप. उद्या वर्ग नसला तर काय सांगू? पोर गनितं सोडवते म्हनून? म्हातारी कशाला, मीच बोलेन, आधी बोंबील काढ. मना पन हाताशी मानूस लागतो, शेट. मी काय लय चांगली नाय."

आणि त्या खाली बसल्या. सावंतांनी हळूच मान हलवली. त्यांच्याही घरी असंच काहीतरी असणार.

नानांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सारला. मग मुख्याध्यापकांना विचारलं, "हा वर्ग सक्तीचा आहे का?"

"नाही, ऐच्छिक आहे."

"मग सक्तीचा करा. निवडलेल्या मुलांनी यायचंच. घरी तसं कळवा, शाळेच्या शिक्क्यानिशी."

मी आनंदानं पुढे झाले.

"थांबा बाई. हॉल टायपिंगवाल्यांनाच जाणार. छप्पर गणितानं गळायचं थांबत नाही. तुम्ही प्रयोगशाळेत बसा."

"तिथे नुसती स्टुलं आहेत, नाना."

"हुशार मुलांना स्टूल चालतं."

"आणि शिपाई नसला तर कुलूप?"

"भाषणं लिहायला वेळ असतो तुम्हाला. कुलूपही लावता येईल."

अशी मी शनिवारची शिपाई झाले.

पहिल्याच शनिवारी प्रयोगशाळेत चंदा सोडून सगळे हजर. मी पहिलं कोडं फळ्यावर लिहिलं, तोच दार धाडकन उघडलं. चापूनचोपून लुगडं नेसलेली एक म्हातारी चंदाचा दंड धरून उभी होती.

"बाई तुमीच का? ही बघा, घरात बसलेली! बोलते, आजी, बोंबील वले हायत, मी थांबते. सक्तीचा वर्ग हाय आनि ही बोंबलांत! कान पिळा हिचा."

चंदा लाजून हसत होती. तिच्या हातांना खारट वास येत होता. मी कान पिळला नाही, खडू दिला. ती फळ्याशी गेली.

म्हातारी मात्र गेली नाही. वर्ग खरंच होतो का ते बघायचं म्हणून दाराजवळच्या स्टुलावर ठाण मांडून बसली. वर्ग संपेपर्यंत.

पुढे शिक्षकांच्या शिबिरांत 'हुशार मुलांच्या गरजा' या विषयावर मी पुष्कळ बोलले. तक्तेही काढले. मला खरं कळलंय ते एवढंच. घरच्यांना मुलाला सोडायचं असतं, फक्त ते कुणाच्या तरी नावावर ढकलता यायला हवं. शाळेचा तेवढा उपयोग नक्की होतो.