पाच गाड्यांचा जमाव

आमच्या साडूंनी आयुष्यात एकट्यानं चालणारी एकही वस्तू सहन केली नाही. माणूस असो, मेंढरू असो की यंत्र, त्याच्या शेजारी आणखी कुणी हवं आणि दोघांत बरोबर हातभर अंतर हवं, हा त्यांच्या जगण्याचा एकमेव नियम. वीजबिलाची तारीख, शर्टाची बटणं, सासुरवाडीच्या लोकांची नावं यांना मात्र कसलाच नियम नव्हता. त्या नावांत माझंही आलंच. मला ते शेवटपर्यंत नुसतं 'साडूभाऊ' म्हणत राहिले.

जन्म पाचोडकडच्या मेंढपाळाच्या घरातला. पण कळप सांभाळण्याची विद्या रक्तातून आली म्हणावं, तर तसंही नाही. लहानपणी त्यांना मेंढरांमागं पाठवलं की दिवस मावळता मेंढरं आपापली घरी यायची आणि साडूंना शोधायला माणूस धाडावा लागायचा. शेवटी वडील म्हणाले, "ह्याला शाळंतच घाला. तिथं भिंती तरी हायेत." त्या भिंतींच्या आधारानं ते इंजिनीअर झाले. वाळूजला तेव्हा जिकडंतिकडं नव्या कारखान्यांच्या शेड उठत होत्या, त्यातल्या एका शेडीत चिकटले आणि बजाजनगरात राहू लागले. कळपाचं वेड डोक्यात शिरलं ते इथं, शेकडो कामगारांना एका फाटकातून एकदम आत घुसताना पाहून. पुढं ते वेड घरात आलं. छावणीच्या बाजारात आम्ही दोन्ही कुटुंबं खरेदीला निघालो की साडू आम्हाला बाणाच्या आकारात चालवायचे. "पुढं बघू नका, शेजारच्याकडं बघा," हा हुकूम. एकदा सासूबाई बांगड्यांच्या दुकानापाशी रांग मोडून थांबल्या, तर त्यांच्यासकट आम्हा सगळ्यांना कोपऱ्यापासून पुन्हा चालायला लावलं. सासूबाईंनी त्यानंतर बांगड्या एकट्यानंच घेतल्या.

या वेडातून त्या पाच गाड्या जन्मल्या. तुपाच्या डब्यांची अंगं, मोटारींच्या वायपरच्या मोटरी आणि थोरल्या मुलाच्या पांगुळगाड्याची चाकं. (थोरला त्यामुळं जरा उशिरा चालला.) प्रत्येक गाडीवर एक बल्ब आणि उजेड ओळखणारे डोळे. शेजारणीचा बल्ब फार लख्ख दिसला की गाडी लांब सरकायची, अंधूक झाला की जवळ जायची. म्होरक्या कुणीच नाही. कारखान्यातला माल असा कळपानं, माणसाशिवाय, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात न्यायचा, असा बेत होता. यात वायरिंगचं सगळं काम साडूंच्या जोडीदाराचं आणि बोलण्याचं सगळं काम साडूंचं. जोडीदार त्याच कारखान्यात विजेच्या खात्यात होते, दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि साडूंना 'इंजनेर' म्हणायचे. पहिल्या चाचणीच्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी तुळशीपाशी दिवा लावला आणि पाचही गाड्या त्यांच्या अंगणात शिरून दिव्याभोवती गोल उभ्या राहिल्या. काकूंनी हात जोडले. साडू खजील झाले, जोडीदार मात्र फाटकाला धरून पोट दुखेस्तोवर हसत होते.

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून शहरात माणसं एकमेकांची तोंडं पाहीनाशी झाली होती. जोडीदार नामांतराच्या प्रत्येक मोर्च्यात पहिल्या रांगेत, आणि साडूंचे गावाकडचे भाऊबंद ते नाव निघालं तरी पान सोडून उठणारे. साडूंनी गाड्यांना नावंसुद्धा ठेवली नव्हती. म्हणायचे, "नाव ठेवलं की बंद पुकारतात." पण पोटच्या पोरीला नाव ठेवणं भागच होतं. बारशाला गावाहून वडीलधारी मंडळी आली. जोडीदार संध्याकाळी झबलं घेऊन निघाले, तर साडूंनी त्यांना रस्त्यातच गाठून म्हटलं, "उद्या या, निवांत जेवू." जोडीदारांनी झबलं हातात दिलं, "बरं" म्हणाले आणि उद्याही आले नाहीत, परवाही आले नाहीत. त्यानंतर गाड्या बिघडल्या. एकमेकींना धडका मारायच्या, नाहीतर चार दिशांना पळायच्या. साडूंनी बॅटऱ्या बदलल्या, बल्ब बदलले, वीज मंडळाला शिव्या घातल्या. एके दिवशी माझ्यापाशी बसून म्हणाले, "अंतर बिघडलंय, साडूभाऊ." डोळ्यांत पाणी होतं, म्हणून कुठलं अंतर ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी माफी मागायचं ठरवलं. सरळ जाऊन मागतील तर ते साडू कसले. गाड्या कशाबशा चालत्या करून, पाचही गाड्या रांगेनं जोडीदाराच्या दारात न्यायच्या, असा घाट घातला. नेमकी तेव्हा शहरात जमावबंदी. दिवेलागणीला आम्ही निघालो. जोडीदाराचं घर समोर दिसत असताना हवालदारानं हटकलं.

"ओ साहेब, जमावबंदी हाय, ठाऊक नाय का?"

"आम्ही दोघंच आहोत."

"आन् ही पाच?"

"ही माणसं नाहीत, हवालदारसाहेब. गाड्या आहेत."

"गाड्या आसूद्या, न्हाय तर बकऱ्या. पाच झाले की जमाव. चार न्या."

आणि हवालदारानं एक गाडी उचलून काखेत मारली. तिचा बल्ब चालूच होता. उरलेल्या चौघींनी शेजारीण गेलेली पाहिली आणि वळून हवालदाराच्या मागं लागल्या. तो चालला, त्या चालल्या. तो पळाला, त्या पळाल्या. शेवटी तो समोरच्या पायरीवर चढला, ती पायरी जोडीदाराची. दार उघडलं. जोडीदारांनी हवालदाराच्या काखेतली गाडी काढून घेतली आणि तिचा बल्ब विझवला. चारही गाड्या जागच्या जागी थांबल्या.

"अंतर लई चुकलंय, इंजनेर," ते म्हणाले.

"व्हय," साडू म्हणाले. "जेवायला चला."

"उद्या येतो. निवांत जेवू."

साडूंनी चपला काढल्या आणि पायरी चढले. "मग मी आज जेवतो. तुमच्याकडं."

आतून जोडीदाराच्या बायकोचा आवाज आला, "निस्तं पिठलं हाय."

"चालतंय, वहिनी."

हवालदार चुळबुळत म्हणाला, "वहिनी भाईर आल्या तर पाच हुतील." त्यालाही पिठलं वाढलं.

गाड्या कारखान्यात कधीच चालल्या नाहीत. वरच्या साहेबांनी माल न्यायला सरकता पट्टा बसवला. पण पुढं कित्येक वर्षं दोघं संध्याकाळी त्या गाड्यांशी झटत आणि एकमेकांशी भांडत बसलेले असायचे. बारशाची ती पोर त्या डब्यांमध्येच वाढली.

साडू गेले तेव्हा पुढं त्यांचा मुलगा आणि मी खांद्याला होतो, मागं पाचोडचा पुतण्या आणि जोडीदार. आमची पावलं काही जुळेनात, तिरडी हेलकावे खायला लागली. तेवढ्यात मागून जोडीदारांचा घोगरा आवाज आला, "पुढं बघू नका. शेजारच्याकडं बघा." मी मुलाकडं पाहिलं. मागं पुतण्यानं जोडीदारांकडं पाहिलं असावं, कारण पावलं जुळली. सासूबाई बांगड्यांपाशी थांबल्या त्या दिवशी बाजारात होती तशीच गर्दी रस्त्यात होती, आणि आम्ही रांग मोडली असती, तरी कोपऱ्यापासून पुन्हा चालायला लावणारं आता कुणी नव्हतं.