विमलकाकूंचा हाऊएव्हर

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. विमलकाकू असत्या तर लाल पेन घेऊन बसल्या असत्या. त्यांना जाऊन महिना झाला... सकाळी चहा घेऊन खोलीत गेले, तर त्या उठल्याच नाहीत. पुण्याला त्यांच्या मुलाला, अनिलदादाला, फोन मीच केला.

काकू शाळेत इंग्रजी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर मला शिकवू लागल्या. मी त्यांच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरी स्वयंपाकाला होते. एकदा पहिला घास घेऊन म्हणाल्या, "वरण मस्त झालं. हाऊएव्हर, मीठ राहिलं." मी हसले. "हसून काय राहिली? हाऊएव्हर म्हणजे तरीपण. लोक आधी गोड बोलतात, मग हे म्हणून जरा थांबतात. तिथं कान द्यायचा."

गेल्या उन्हाळ्यात दादा आला. डॉक्टर घरी येऊन त्याच्याशी इंग्रजीत बोलले. मधेच हाऊएव्हर आला आणि काकूंनी माझ्याकडे पाहिलं. काकूंचं हृदय फार थकलं होतं. दादा म्हणाला, "आई, आता तू माझ्याकडेच राहायचं. हॉस्पिटल जवळ आहे." काकूंना हे घर सोडायचं नव्हतं, मला तसं अनेकदा म्हणाल्या होत्या. पण मुलासमोर गप्प बसल्या. मी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी चहाचा ट्रे धरून दारातूनच म्हटलं, "दादा, तुमचं खरं आहे. हाऊएव्हर..." पुढचं इंग्रजी येईना. "काकूंना इथंच राहायचंय. मी रात्रीची इथं झोपत जाईन."

काकू खो खो हसल्या. "बघ अन्या, माझी शेवटची विद्यार्थिनी!"

दादा एकटाच परत गेला. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "शब्द बरोबर वापरला गं. पण त्यानं आधीचं खोटं होत नाही. अनिल चुकीचं नव्हता बोलत." त्यानंतर त्या पावसाळाभर राहिल्या, रोज अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारत.

तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर दादा ओट्यापाशी आला. सकाळपासून उपाशीच होता. "शोभाताई, आई इथं आनंदात होती. तुम्ही होता म्हणून." मग ओट्याला टेकला. "पण तिकडे नेली असती तर..."

"खरं आहे, दादा," मी म्हटलं.

तो तिथंच खाली बसला. मी तवा परत गॅसवर ठेवला आणि त्याला गरम पोळी वाढली.