दोन घरचा गोपाळ

दारव्ह्यात आठवडी बाजाराच्या मागची जी गल्ली आहे, तिथे रविवार कळायला कॅलेंडर लागत नसे. इंदूबाईंची स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लागली की समजायचं, आज रविवार, आणि पलीकडे विमलताईंकडे मासळीला फोडणी पडली.

इंदूबाई महानुभाव पंथाच्या, उपदेश घेतलेल्या. कोणी भेटलं की "दंडवत प्रणाम" आधी, बाकीचं बोलणं मागाहून. पहाटे स्मरण, मग देवपूजा, मग चूल. त्यांच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं. विमलताई बौद्ध घरातल्या, अंगणवाडीच्या निवृत्त सेविका, मोकळ्या आवाजाच्या. दोघींच्या मधे कमरेएवढी भिंत आणि एक जुनं बोलणं. कधीतरी इंदूबाई भिंतीवरून म्हणाल्या होत्या, "विमलताई, वास येते हो." विमलताईंनी तिकडूनच ठेवून दिलं होतं, "पहाटे तुमच्या टाळाचा आवाज येते मले. मी लावतो का खिडकी?" तेव्हापासून दोघींचं बोलणं पाण्याच्या नळापुरतं.

थंडीच्या दिवसांत इंदूबाई माहेरून जीपमधून परत येत होत्या. वाटेत बॉनेटखालून बारीक रडणं ऐकू यायला लागलं. ड्रायव्हरने गाडी उभी करून बॉनेट उघडलं, तर इंजिनाच्या उबेला बसलेलं मांजराचं पिल्लू! पिवळं, मुठीएवढं, मागचा पाय भाजलेला. ड्रायव्हर त्याला रस्त्याच्या कडेला ठेवायला निघाला, तोच इंदूबाईंनी पदर पुढे केला.

"बाई, मरते ते. कायले ओझं घेता?" मागच्या सीटवरून कोणी म्हणालं.

"पदरात आलं ना? मंग आता ते माह्यं," इंदूबाई म्हणाल्या आणि जीप थेट जनावरांच्या दवाखान्यापाशी थांबवायला लावली.

डॉक्टर मैत्रेयी गावंडे यांचा दवाखाना म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. पुढे लोकांची लाडकी जनावरं: कान दुखणारी शेळी, ताप आलेला पॉमेरेनियन, मिरची न खाणारा पोपट. मागे ज्यांना कोणी नाही ती: ट्रकने उडवलेली कुत्री, विहिरीतून काढलेलं वासरू, मांज्याने पंख कापलेला बगळा. शेडचा कारभार फुलसिंगकडे. फुलसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, अंगाने पैलवान, पण सुई टोचताना जनावराच्या कानात आपल्या गोरबोलीत अंगाई म्हणायचा. इंदूबाईंच्या पदरातलं पिल्लू पाहून तो म्हणाला, "याडी, आण इकडं." आईला ते याडी म्हणतात, हे कळल्यावर इंदूबाई तिथेच विरघळल्या.

पिल्लू शेडमध्येच राहिलं; पाय बरा व्हायला बरेच दिवस लागले. इंदूबाई रोज मलमपट्टीला जायच्या, जाताना शेडमधल्या कुत्र्यांसाठी भाकरी न्यायच्या. शेवटी शेडमध्ये जागा उरली नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "काकू, तुम्हीच नेता का याला? फक्त खाण्याचं सांभाळा. मांजर आहे, त्याला उकडलेलं चिकन, मासळी, अंडं..."

इंदूबाईंनी मान हलवली. मान हलवली, पण कान बंद होते.

घरी आल्यावर पिल्लाचं नाव ठेवलं गोपाळ. गोपाळला दूध-पोळी. गोपाळला वरण-भात, वर साजूक तूप. प्रसादाचा पहिला घास त्याचा. इंदूबाईंचा हिशेब सरळ होता: लहानपणापासून जे अन्न पोटात जाईल तशी वृत्ती होते, मग ती माणसाची असो की मांजराची. बाहेर जाऊन बिघडू नये म्हणून त्याला अंगणातसुद्धा सोडत नसत.

नवरा नानाजी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते खाटेवरून म्हणायचे, "वाघाच्या मावशीले भजनात बसवून राह्यली तू."

"बसते ना पण! उंदीर समोरून गेला तरी हालत नाही. पाहा कसा शांत आहे."

आणि खरंच, गोपाळ शांत होता. उन्हाळा सरता सरता तो फारच शांत झाला. अंगावरचे केस विरळ झाले. एक दिवस तो ओट्यावर उडी मारायला गेला आणि अंदाज चुकून खाली पडला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या घागरीवर धडकला. इंदूबाईंनी पिशवी काढली. पिशवीत घालून त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात डोळे पाहिले, छातीला नळी लावली. "काकू, काय खातो हा?"

इंदूबाईंनी अभिमानाने सगळं सांगितलं. तुपासकट. फुलसिंग शेळी धरून उभा होता, त्याच्या हातून शेळी सुटली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या. "काकू, कुत्रं भाकरीवर जगेल, मांजर नाही जगत. मांसातून मिळणारं एक द्रव्य त्याच्या शरीराला स्वतः बनवता येत नाही. ते नाही मिळालं तर आधी डोळे जातात, मग काळीज. नजर आत्ता अधू झालीय, गेली नाही. गोळ्या मी मागवते, पण नुसत्या गोळ्यांवर नाही निभणार. रोज थोडं मांस, मासळी हवीच. तुमच्याकडे नसेल होत तर त्यात वाईट काही नाही. दुसरं घर शोधू आपण. आठवडाभरात सांगा."

"ते पाकिटातले दाणे मिळतात ना?" इंदूबाईंनी आशेने विचारलं. "त्याच्यात काय असते?"

"कोंबडी," फुलसिंगने शेळी पकडता पकडता सांगून टाकलं.

घरी येऊन इंदूबाई जेवल्या नाहीत. गोपाळ मांडीत येऊन बसला, चाचपडत. त्याला दुसऱ्याच्या घरी द्यायचं? जीपमध्ये सगळ्यांसमोर 'माह्यं' म्हणून घेतलेलं? आणि ठेवायचं तर घरात मांस? पूजेला बसल्या तरी मन तिथेच. शिकाऱ्यांच्या भीतीने पंथाच्या स्वामींच्या मांडीखाली येऊन लपलेल्या सशाची गोष्ट त्यांनी जन्मभर ऐकली होती. आज पहिल्यांदा मनात आलं, स्वामींनी सशाला विचारलं होतं का, तू काय खातोस म्हणून? शरण आला, घेतला. ससा होता म्हणून सोपं गेलं, असं थोडंच आहे?

नानाजींनी नुसतं एवढंच म्हटलं, "तुह्या हातानं देऊ नको. पण ज्याच्या घरी आहे, त्याले माग तरी."

रविवार उजाडला. पलीकडे फोडणी पडली. खिडकी लागली नाही. इंदूबाई पिशवीत गोपाळला घेऊन विमलताईंच्या दारात उभ्या होत्या.

विमलताई हातात झारा घेऊन बाहेर आल्या. "काय बापा! आज सूर्य कुठून निंगाला? वासाची तक्रार आहे का?"

"दंडवत, विमलताई." इंदूबाईंनी पिशवी पुढे केली. "तक्रार नाही. मागणं आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

विमलताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "माय वं! हे मांजर आहे का सुकट? हाडंच दिसून राह्यली." मग इंदूबाईंकडे डोळे मिचकावले. "म्हणजे माह्या घरचा वास तुमच्या गोपाळले औषध झाला म्हणा."

"बोला, बोला. आज तुमचा दिवस आहे."

"बोलू काहून नाही? किती वर्षांचं साचलं आहे!" असं म्हणेपर्यंत विमलताईंनी मासळीचा एक तुकडा तिखटमीठ धुऊन, काटा काढून बशीत घातलासुद्धा. गोपाळने नाक पुढे केलं. एक क्षण थांबला. मग जो तुटून पडला की बशी फरशीवर फिरायला लागली. इंदूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं होतं, पण त्याचा गुरगुराट ऐकून त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

तिथेच दारात करार झाला. गोपाळ राहणार इंदूबाईंकडे, जेवणार विमलताईंकडे. रोज उकडलेली मासळी किंवा कोंबडीचा तुकडा, रविवारी ताजा माल. बशी तिकडेच राहणार. इंदूबाईंची एकच अट: "खाऊन झालं का तोंड धुऊन पाठवजा."

"मांजर आहे ते, बाई! माणसापेक्षा सोच्छ धुते."

श्रावणात दोघी मिळून त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी दोरीला कापसाचा बोळा बांधून त्याच्यासमोर हलवला. गोपाळने पाहिलं, मान वाकडी केली आणि अशी झेप घेतली की बोळा, दोरी आणि डॉक्टरांचा चष्मा तिन्ही खाली. शेडमधली कुत्रीही भुंकायला लागली.

"थोडी कमी राहील नजर," डॉक्टर हसत चष्मा शोधत म्हणाल्या, "पण डोळे वाचले. काळीजही ठीक आहे."

"याडी, नाव काय म्हणे याचं?" फुलसिंगने विचारलं.

"गोपाळ," इंदूबाई म्हणाल्या. "सुकट्या," विमलताई म्हणाल्या. फुलसिंगने दोन्ही नावांनी हाक मारून पाहिली. दोन्ही वेळा तो वळला.

त्यानंतरचा एक रविवार. दुपार व्हायला आली तरी इंदूबाई खिडकीच्या गजांना नाक लावून उभ्या. वासच नाही! गोपाळ भिंतीवर बसून ओरडतोय.

"अवो विमलताई! आज वास काहून नाही येत? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत ठणठणीत आहे," पलीकडून आवाज आला. "सिलिंडर संपलं! मच्छी तशीच पडून आहे."

इंदूबाईंनी मागे वळून आपल्या शेगडीकडे पाहिलं. शेगडीवर कुकर, कुकरात अर्धा शिजलेला वरण-भात. त्यांनी गॅस बंद केला.

"अहो, उठा बरं," त्यांनी नानाजींना हाक मारली. "आपलं सिलिंडर भिंतीवरून पलीकडं द्या."

नानाजी खाटेवर उठूनच बसले. "अन् आपण काय खाऊ?"

"दही-पोहे," इंदूबाई म्हणाल्या, आणि खिडकीचं दुसरं दारही सताड उघडलं. "आधी त्याचं होऊ द्या."