उलट्या दिशेने चालणारे अप्पा

तमिळ मुलखातल्या अंबत्तूरमध्ये आमच्या घराच्या बाजूने एक ओढा जातो. माझ्या लहानपणी त्याच्या जवळून जाताना आम्ही नाक दाबायचो. पुढे कधीतरी दोन्ही काठांवरचा कचरा उपसला गेला, करंज, कडुनिंब आणि बांबू लावले, फरशीची वाट झाली, गेट बसलं, बागच झाली. आता पायऱ्या उतरून खाली गेलं की रस्त्यावरचे हॉर्न वरच राहतात आणि हिरव्या सावलीत बगळे उभे दिसतात. वाट एका टोकाला मोरीवरून ओढा ओलांडते आणि दुसऱ्या टोकाला अरुंद लाकडी पुलावरून परत येते. सगळे देवळातल्या प्रदक्षिणेसारखे एकाच दिशेने चालतात. तशी पाटीच आहे.

उलटे यायचे ते फक्त माझे अप्पा.

वॉचमन शिट्टी मारायचा, ते ऐकायचे नाहीत. सगळी नोकरी रेल्वेत काढलेला, नियमावर बोट ठेवणारा माणूस केवळ मला डिवचायला हे करतोय, अशी माझी पक्की समजूत होती. कारण आमचं बोलणं बंद होतं. खरं सांगायचं तर माझं बंद होतं.

आई गेली त्या दुपारी तिच्या छातीत जळजळत होतं. अप्पांनी तिला ओवा दिला आणि म्हणाले, ऊन उतरलं की डॉक्टरकडे जाऊ. ऊन उतरायच्या आत आई गेली. तेराव्याला पंगत बसली होती, अप्पा वाढत होते, आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर ओरडले, "तुमच्या ओव्यानं मारलं तिला!" अप्पांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. उलटून ओरडले असते तर कडाकडा भांडून मी मोकळी झाले असते. तेवढंही त्यांनी केलं नाही, म्हणून मी जास्तच चिडले आणि अबोला धरला.

दोन गल्ल्या पलीकडे ते एकटे राहायचे. मी डबा करायची, नवरा नेऊन द्यायचा. येऊन सांगायचा, खुर्चीत बसले होते, बरे आहेत. मुलीचं कर्तव्य पार पडलं, असं मी मानायची. किती सोयीचं होतं ते!

रोज सकाळी पुलावर मात्र आम्ही समोरासमोर यायचो. पूल इतका चिंचोळा की एकाला अंग चोरावंच लागतं. अप्पा कठडा धरून बाजूला व्हायचे आणि विचारायचे, "काप्पी झाली की?" आम्ही तंजावरकडचे मराठी, सकाळी माणूस भेटलं की आमच्यात पहिला प्रश्न हाच, कॉफी झाली का. मी मोबाइलमध्ये डोकं खुपसून पुढे जायची. दीड वर्ष त्यांनी विचारलं आणि दीड वर्ष मी तोंडातून शब्द काढला नाही.

एकदा त्यांचा चेहरा फार उतरलेला दिसला आणि "नाही झाली" हे अगदी ओठांवर आलं. खरंही होतं ते, मी रिकाम्या पोटीच चालायला यायची. पण मागून ओळखीच्या बायका येत होत्या. उद्या बोलू, म्हटलं. त्या उद्याला मी पुढे पुढे ढकलत राहिले.

गेल्या महिन्यात अप्पा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शेजारी माझा डबा होता, न उघडलेला.

अप्पांचे दिवस झाल्यावर मी बागेत गेले आणि काय वाटलं कोण जाणे, उलट्या दिशेने चालू लागले. वॉचमनने शिट्टी मारली नाही. पुलाअलीकडे बांबूंच्या आड एक बाक आहे, तिथे पाला झाडणारी बाई उभी होती. तमिळमध्ये म्हणाली, "तुम्ही अय्यांची मुलगी ना? थांबा." अय्या म्हणजे अप्पा. अवजारांच्या खोलीतून तिने एक काठी आणि कापडी पिशवी आणली.

"ही त्यांची नाही," मी म्हटलं. "अप्पा काठी वापरत नव्हते."

"वापरायचे की. गेटपासून या बाकापर्यंत. घरी जाताना माझ्याकडेच ठेवून जायचे. इथेच बसायचे. तुम्ही लांबून दिसलात की काठी माझ्याकडे द्यायची आणि पुलावर जायचं. तुम्ही गेलात की परत बाकावर. फेरी कुठली मारणार, अम्मा? गुडघे कुठे राहिले होते?"

समोरासमोर चालणारी दोन माणसं एका फेरीत दोनदा भेटायला हवीत. अप्पा मला मोरीवर कधीच भेटले नव्हते. एवढा साधा हिशेब मला दीड वर्षात सुचला नाही.

बाई पुढे सांगत होती, "मी विचारायची, मुलीला काठी दिसली तर काय बिघडतंय? म्हणायचे, दिसली तर ती कीव येऊन बोलेल. तसं नको. तिचा राग खरा आहे, तो निवला की आपण होऊन बोलेल."

मी कठडा शोधत होते. तिथे कठडा नव्हता. बाईने मला बाकावर बसवलं आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत स्टीलचा फ्लास्क होता आणि काप्पीचे दोन टंबलर, पेले. शेवटच्या सकाळी अप्पांना पिशवी पेलवेना, उद्या नेतो म्हणून ठेवून गेले होते. तिने सगळं घासून पुसून ठेवलं होतं.

"रोज दोघांपुरती आणायचे. तुम्ही 'नाही झाली' म्हणालात तर हाताशी असावी म्हणून." मग ती खाली बघत म्हणाली, "रागावू नका, अम्मा. तुमच्या वाटची काप्पी इतके दिवस मीच प्यायले."

मी रडले. येणारेजाणारे थांबून बघत होते, त्या ओळखीच्या बायकाही होत्या. तेराव्याला जेवढ्या मोठ्याने ओरडले होते, तेवढ्याच मोठ्याने रडले.