व्हर्लिन स्टूप्सचा तक्ता

इंडियानातल्या त्या लहानशा गावात शाळेच्या बास्केटबॉल सामन्यांचे गुण व्हर्लिन स्टूप्सने चाळीस वर्षं लिहिले. टोपली कुणी केली, फाउल कुणाचा, सगळं त्याच्या वहीत असे. मनाचं काही लिहायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक.

मार्च आला की ड्वाइट केसलर आपल्या सलूनच्या भिंतीवर कॉलेज स्पर्धेचे तक्ते लावी. कोण जिंकणार ते प्रत्येकाने आधीच शाईने लिहायचं, खाडाखोड चालायची नाही. पहिल्या फेरीत ज्याचे सर्वांत जास्त अंदाज चुकतील, त्याने महिनाभर सलूनमधले केस झाडायचे. व्हर्लिनने आजवर झाडू धरला नव्हता.

यंदा मुलींच्या स्पर्धेत त्याच्या नातीचं, केनाचं, छोटं कॉलेज पहिल्यांदाच पोचलं होतं. पहिलाच सामना एका बलाढ्य विद्यापीठाशी. सगळ्या गावाने केनाचं कॉलेज लिहिलं. व्हर्लिन बराच वेळ पेन धरून बसला. समोरच्या संघात रिंगजवळ मधल्या जागेवर खेळणारी मुलगी सहा फूट पाच इंच होती. शेवटी त्याने विद्यापीठ लिहिलं.

"अरे, सख्ख्या नातीच्या विरोधात?" ड्वाइट म्हणाला. "छातीत काळीज आहे का शिट्टी?"

"मला दिसतं ते लिहिलं."

ड्वाइटने तक्त्याचा फोटो काढून केनाला पाठवून दिला. त्या दिवशी व्हर्लिनला जेवण गोड लागलं नाही. खळ्यातल्या रिंगखाली त्यानेच तिला चेंडू उचलून उचलून दिले होते. पोरीला काय वाटलं असेल?

संध्याकाळी तिचा फोन आला.

"आजोबा, फोटो पाहिला. आमच्या संघाच्या खोलीच्या दारावर लावलाय."

"रागावलीस?"

"किती ते शनिवारी सांगते." आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी दुपारी सलूनमधल्या टीव्हीपुढे सगळे जमले. व्हर्लिन सवयीने जुनी वही घेऊन कोपऱ्यात बसला. उंच मुलगी टोपल्यांवर टोपल्या करत होती. त्याचा अंदाज बरोबर ठरत चालला होता आणि त्याला मुळीच बरं वाटत नव्हतं.

चार मिनिटं उरली. उंच मुलगी रिंगकडे धावली. केना तिच्या वाटेत दोन्ही पाय रोवून उभी राहिली, हललीच नाही. धडक बसली, केना पाठीवर आपटली. शिट्टी वाजली.

"कुणाचा?" ड्वाइट ओरडला.

"उंच मुलीचा," व्हर्लिन वहीत बघत म्हणाला. "पाचवा फाउल. ती बाहेर."

उंची त्याने मोजली होती. ही पोर अशी उभी राहील, हे कुठे मोजणार? केना उठून पाठ चोळत हसली, तेव्हा कुठे त्याने तो फाउल वहीत लिहिला. छोटं कॉलेज तीन गुणांनी जिंकलं.

बाकीचे सामने संपल्यावर ड्वाइटने सगळे तक्ते तपासले. व्हर्लिनच्या चुका सर्वांहून एकने जास्त निघाल्या. ड्वाइटने कोपऱ्यातला झाडू त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आजोबा, शनिवार आला. आता सांगू, किती राग आला होता?"

"सांग बाई. पण जरा मोठ्याने सांग, हातात झाडू आहे."

पलीकडे आधी हसू फुटलं, मग ती म्हणाली, "फोनवर नाही. परत आले की सलूनमध्येच येते, केस कापायला. माझे तुम्हीच झाडायचे."

"पाठ कशी आहे?"

"दुखतेय."

"लिहून ठेवतो," व्हर्लिन म्हणाला.